वीस फुटी घर घेऊन दिवेआगर ते मालगुंड

कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आत संडास आहे का?’ आहे. दुसरा प्रश्न मायलेजचा. तिसरा, ‘म्हणजे हॉटेलचा खर्च वाचला म्हणा की!’ याचं उत्तर जरा लांबतं, कारण या गाडीच्या पैशात आम्ही म्हातारे होईपर्यंत बऱ्यापैकी हॉटेलांत राहू शकलो असतो. गाडीची लांबी किती, हे मात्र कुणीच विचारत नाही. कोकणात न्यायची असेल तर तेच सगळ्यात आधी विचारायला हवं.

फाल्गुन लागल्या लागल्या, शिमग्याच्या तोंडावर, आई, बायको आणि मी असे तिघं पुण्याहून निघालो. नव्याने गाडी घेणाऱ्यांच्या उपयोगाचं मध्येमध्ये लिहिलंय. ज्यांना नुसतं कोकण वाचायचंय त्यांनी ते परिच्छेद खुशाल ओलांडावेत.

शनिवार : ताम्हिणी, माणगाव, दिवेआगर

आमची गाडी ट्रॅव्हलर मिनीबसच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बांधून घेतलेली. लांबी वीस फूट, छतावरच्या सोलर पॅनेलसकट उंची साडेनऊ फूट, आणि मागच्या चाकाच्या मागे चांगलं पाच फूट शेपूट. हे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवलेत. कमान दिसली की आठवत बसायला वेळ नसतो.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी वजनकाट्यावर नेली. पाणी भरलेलं, सिलिंडर बसवलेला, कपडे, भांडी, आईची औषधांची पेटी, सगळं आत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे शंभर लिटरची टाकी भरली की अंगापिंडाने भरलेला एक माणूस वाढला असं धरायचं. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, जे एकूण वजन छापलेलं असतं त्याच्या आत आपण आहोत का, ते एकदा काट्यावरच बघावं. नंतर नुसती मागची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा वजन करावं. फ्रीज, टाकी, बॅटरी असं सगळं मागे कोंबलं की एकूण वजन बरोबर असूनही मागचा एक्सल गुदमरतो. टाकी एक तर भरलेली ठेवा नाहीतर रिकामी. अर्ध्या टाकीतलं पाणी घाटाच्या वळणावर गाडीला हिसके देतं.

कागदांचंही इथेच सांगून टाकतो. जुनी व्हॅन घेऊन गल्लीतल्या गॅरेजमध्ये पलंग-ओटा बसवून घ्यायचा मोह बऱ्याच जणांना होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानकच आहे. बांधणारा ते पाळतो का, आणि आरसीवर गाडीची नोंद कॅरॅव्हॅन म्हणून होईल का, हे पैसे देण्याआधी विचारा. विमा कंपनीलाही आतल्या सामानाची किंमत कळवा. लायसन्सची काळजी नको: एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलं की साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं.

ताम्हिणीत काटेसावर आणि पळस दोन्ही फुललेले. उतारावर दुसरा गिअर सोडला नाही. मागून हॉर्न वाजले, वाजू दिले. एवढं वजन नुसत्या ब्रेकवर उतरवलं की खाली पोहोचेपर्यंत लायनिंगचा वास येतो.

दिवेआगरला एका जेवणघराच्या मागच्या खळ्यात जागा ठरली होती. खळ्यात सुपारी वाळत घातलेली. मालक आजोबा पंचाहत्तरीचे असावेत, पंचा आणि बनियन. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “माडाखाली लावू नका हो. नारळाला डोळे असतात, माणसाच्या डोक्यावर पडायचा नाही. पण काचेबद्दल तसं काही ऐकलेलं नाही.”

मग आंब्याखाली? तर तेही नाही. मोहोरावर तुडतुडे असतात, त्यांचा चिकटा टपटप खाली गळतो आणि पॅनेलवर बसतो. शेवटी उघड्यावर, विहिरीच्या अलीकडे लावली. पाणसळ ठेवून चाकाखाली फळ्या सरकवल्या. आमचा फ्रीज कॉम्प्रेसरचा आहे, तो तिरका चालतो. गॅसवर चालणारा असेल तर सपाट जागा हवीच. आणि फ्रीज कुठलाही असो, पलंग तिरका असला की आई झोपू देत नाही.

जेवणात उकडीचे मोदक, वालाची उसळ, पोह्याचे पापड. आजोबा वाढता वाढता वादळाचं बोलले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथेच, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. दुपारी काही तासांत वाडीतल्या पोफळी आडव्या. “पोफळ लावून हाताशी यायला पाच-सात वर्षं. माझ्या बापाने लावलेल्या होत्या त्या. आता या ज्या दिसतायत त्या नातवाच्या.” एवढं बोलून त्यांनी माझ्या बायकोच्या पानात आणखी एक मोदक टाकला आणि त्यावर तूप.

रात्री विजेचा प्रश्न. आजोबांनी पडवीतल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटमधून वायर घ्यायला सांगितली. वायर लावण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: अर्थिंग आहे का आणि व्होल्टेज किती आहे. दोन्ही दाखवणारा टेस्टर काही शे रुपयांत मिळतो आणि तो गाडीतच असावा. अर्थिंग नसेल तर वायर लावू नका, पत्र्याच्या घरात राहतोय आपण. संध्याकाळी वाडीतले शिंपण्याचे पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं. त्या वेळी एसी चालवला तर कॉम्प्रेसर कुंथतो आणि यजमानांचे दिवे मिचमिचतात. पंप बंद झाल्यावर चालवा, आणि विजेचे पैसे आपणहून वेगळे द्या.

बॅटरीवर एसी चालतो का? चालतो, पण हिशोब करा. १२.८ व्होल्टची दोनशे अँपिअर-अवर लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. म्हणजे दोन-अडीच तासांत खेळ आटोपला. बारा व्होल्टचा छोटा पंखा रात्रभर चालून पाव युनिटही खात नाही. कोकणात दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री उलटे, जमिनीकडून मतलई. झोपताना डोंगराकडच्या खिडक्या उघडून पंखा लावला की फाल्गुनात तरी एसीवाचून झोप लागते.

रविवार : हरिहरेश्वर, वेळास

सकाळी लवकर निघून बागमांडल्याहून गाड्या खाडीपलीकडे नेणारी पहिली फेरीबोट पकडायचा बेत आजोबांनी मोडून काढला. “आज तिथी कोणती? तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे भरती पूर्ण व्हायची सव्वादोनला. आठच्या सुमाराला पाणी पार खाली असणार. धक्क्याचा खालचा भाग शेवाळाचा, उतार जास्त, आणि तुमच्या गाडीचं हे मागचं बूड. घासणार.”

हा हिशोब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या तोंडी असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास, अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळच्या दिवसांत उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, पण मला हे पाठ करणं सोपं गेलं. लांब शेपटाच्या गाडीने खाडी ओलांडायची तर भरतीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास हा काळ धरावा.

ओहोटीचा उपयोग हरिहरेश्वरला झाला. तिथला प्रदक्षिणेचा मार्ग डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरून थेट लाटांनी कोरलेल्या खडकावर येतो आणि भरतीला तो चालण्यासारखा राहत नाही. आठच्या ओहोटीला सगळा खडक उघडा होता. काळ्या दगडात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली. आई गुडघ्यांमुळे वरच थांबली आणि देवळाबाहेर कोकम सरबतवालीशी तिने इतकी ओळख वाढवली की आम्ही परत येईपर्यंत आमसुलाची पिशवी तिच्या हातात होती.

बागमांडल्याहून साडेबाराची फेरी. खलाशाने गाडी बघून आधी लहान गाड्या चढवल्या, मग आम्हाला हात केला. लोखंडी फाळका धक्क्यावर टेकला होता. बायको मागे उभी राहून शेपटाखाली किती अंतर राहतंय ते बघत होती. चार बोटं राहिलं. फेरीवर चढताना-उतरताना मागे बघायला एक माणूस खाली उतरलेला असावा, कॅमेरा कितीही चांगला असला तरी. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. घरची माणसं पलंगावर नाही, पट्टा लावून खुर्चीत. आणि हँडब्रेकच्या जोडीला चाकाला लाकडी ठोकळा.

वेसवीला उतरून बाणकोटवरून वेळास. गावात शिरणारा रस्ता अरुंद, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे. आमची मुक्कामाची ताई वाटेवरच उभी होती. “गाडी हितंच शेताडीत लावा. किनाऱ्यावर नको, दिवे दिसतात.”

दिव्यांचं कारण संध्याकाळी समजलं. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचं काम २००२ पासून चालू आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ते उभं केलं. घरट्यातली अंडी कुंपण घातलेल्या जागेत वाळूत पुरून ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. दोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे टोपली. पिल्लू हाताच्या तळव्यावर मावेल एवढं. ते उजेडाकडे चालतं. पाण्यावर आकाशाचा जो उजेड असतो, तिकडे. किनाऱ्यावर कुणी गाडीची एलईडी माळ पेटवून बसलं तर पिल्लं उलटी फिरून गावाकडे येतात. कॅरॅव्हॅनच्या जाहिरातीत गाडी हमखास वाळूवर उभी असते, छताला माळा. ते चित्र डोक्यातून काढून टाका. वाळूत चाक रुततं, खारं पाणी चासी खातं, आणि कासवांच्या किनाऱ्यावर तर ते सरळ सरळ पाप आहे.

सोमवार : केळशी, आंजर्ले, हर्णै

विनायकी चतुर्थी, त्यामुळे आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती गाठायचाच असा आईचा हुकूम. केळशीहून आंजर्ल्याचा रस्ता समुद्र बाजूला धरून वरखाली करतो. काही चढ असे की समोरून एसटी आली तर कुणीतरी मागे जायचं असतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आपण. देवळाजवळ गर्दी होती म्हणून गाडी खालीच ठेवली. वरून सुवर्णदुर्ग दिसतो, पाण्यात बसलेला.

मुक्काम आंजर्ल्यात एका वाडीत. इथे पाण्याचं आणि मैल्याचं काम उरकलं, तर त्याबद्दल. गोडं पाणी विहिरीचं मिळतं. पाइप आपला, तोही फक्त पिण्याच्या पाण्यासाठी राखलेला, आणि टाकीच्या तोंडाशी बारीक जाळी. धुण्या-आंघोळीचं पाणी कुठे सोडू, असं विचारलं तर वाडीच्या यजमान वहिनी म्हणाल्या, “माडाच्या आळ्यात सोडा की. आमचं तिकडेच जातं.” हे सोपं झालं. पण संडासाच्या कॅसेटमधलं, म्हणजे खालच्या सुट्या होणाऱ्या टाकीतलं, काहीही झाडाला, ओढ्याला, खाडीला नाही. ती यजमानांना विचारून त्यांच्या संडासातच रिकामी करायची आणि वर दोन बादल्या पाणी ओतायचं. कॅसेटमध्ये घालायचं औषध जैविक घ्या. फॉर्मलिनवालं औषध त्यांच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, आणि पाहुणा गेल्यावर महिनाभर त्या घराला वास सोसावा लागतो. विचारायला लाज वाटते खरी. एकदा विचारलं की समोरचा माणूस आपल्यापेक्षा सहज बोलतो.

दुपारी खारा वारा असा सुटला की शेजारच्या अंगणातली ताडपत्री उडाली. गाडीच्या बाजूला उघडतं ते कापडी छत्र दुपारी बारानंतर गुंडाळून ठेवा, किनाऱ्यावर तरी. सकाळी उघडायला छान असतं.

संध्याकाळी हर्णै. बंदरावर लिलाव चालू होता. होड्यांतून टोपल्या उतरतात, वाळूवर ढीग पडतात, भोवती कोंडाळं, आणि बोली इतक्या भराभर की आम्हाला आकडे कळायच्या आत माल उचललेला. आम्ही लिलावाच्या बाहेर बसलेल्या मावशीकडून सुरमई घेतली. तिने बायकोला विचारलं, “शिजवणार कुठं?” गाडीत म्हटल्यावर ती नुसती हसली.

वाडीत परत येऊन वहिनींच्या मागच्या पडवीत, चुलीवर तळली. मासे गाडीत तळू नका. वास हे अर्धं कारण, गॅस हे दुसरं. आपला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून खिडकीतून जात नाही, खाली जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीबाहेर उघडणारं भोक हवं, आणि गळतीचा अलार्म छताला नाही, गुडघ्याखाली बसवायचा. पाच किलोचा छोटा सिलिंडर तिघांच्या चहा-नाश्त्याला भरपूर होतो. गाडीत शेगडी पेटवली की खिडकी उघडी, थंडी असली तरी.

मंगळवार : दाभोळ, गुहागर

दापोलीत डिझेल आणि भाजी. पंचमी म्हणजे भरती पावणेचारला, म्हणून दाभोळची फेरी दोनची धरली, पलीकडे धोपावे. काहीच अडचण आली नाही, तेव्हा लिहिण्यासारखंही काही नाही.

फाक पंचमीला शिमगा लागतो. गुहागरला ज्यांच्या अंगणात उतरलो तिथली पोरं लाकडं ओढत नेत होती. अंधार पडता पडता ढोलकी वाजली आणि खेळे आले, पुढे संकासूर. काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. घराच्या पायरीशी नाचून झाल्यावर तो आमच्या गाडीकडे वळला. दार उघडं होतं, आई आत खुर्चीवर बसलेली. संकासुराने आत डोकावलं, चूल दिसली, पलंग दिसला, आणि मागच्याला म्हणाला, “घर आहे रे. वाजव!” मग गाडीपुढे पुन्हा सगळा नाच. आईने पोस्त दिलं आणि वर लाडू. तो लाडू दाढीखालून कसा खाल्ला ते कुणालाही समजलं नाही.

रात्री वीज गेली, दोनेक तास. सगळं खळं अंधारात आणि आमचे दिवे चालू. घरातली पोरं मोबाइल चार्ज करायला आली. एवढ्यासाठी तरी बॅटरी थोडी मोठी घ्यावी.

बुधवार : हेदवी, तवसाळ, मालगुंड

हेदवीच्या अलीकडे एका वाडीत रस्ता अडलेला. वळणावर बसच्या चासीवर बांधलेली एक अवाढव्य कॅरॅव्हॅन अडकली होती. आत कुटुंब, चालक घामाघूम. मोबाइलच्या नकाशाने त्यांना जवळचा रस्ता दाखवला होता. पुढचं चाक वळलं तर मागचं टोक गडग्यावर, मागे घ्यावी तर पुढे फणसाची फांदी. वाडी जमली. प्रत्येकाने एक सल्ला दिला. शेवटी गडगा ज्यांचा होता त्या आजी काठी टेकत आल्या.

“दगड काढा,” त्या म्हणाल्या. “दगड आमचे, काच त्यांची. कशाला फोडायची?”

गडग्याला चुना-सिमेंट नसतं, चिऱ्यावर चिरा नुसता रचलेला. दहा-बारा माणसांनी आठ-नऊ फूट गडगा कमरेपासून घोट्यापर्यंत उतरवला, मीही हात लावला. जांभा हाताला खरखरीत लागतो आणि दिसतो त्याहून जड असतो. गाडी इंच इंच वळून निघाली. मग तोच गडगा पुन्हा रचला. आजी पायरीवर बसून, “तो नको, तो खालचा होता, चपटा कुठंय?” असं सांगत होत्या. कुटुंबाने पैसे पुढे केले ते घेतले नाहीत. चहा मात्र सगळ्यांना झाला, आम्हालाही, आणि काजूगरांची उसळ खाऊन जा असा आग्रह. ओल्या काजूची ती उसळ, ओलं खोबरं घातलेली, वर तांदळाची भाकरी. या सफरीतलं सगळ्यात चांगलं जेवण ते.

नंतर त्याच वळणावरून आमची गाडी वीतभर अंतर राखून गेली. तीस फुटी गाडी भाड्याने मिळते, आत सोफा असतो, बाथरूम ऐसपैस असते. महामार्गालगत ती ठीक आहे. किनाऱ्यालगतच्या वाड्यांत वीस फुटांच्या पुढे जाऊ नका, फार तर बावीस. पलंग लहान मिळेल. चालेल. आणि वाडीत शिरण्याआधी एकाने खाली उतरून चालत पुढे जाऊन बघून यावं. केबलची वायर लोंबत असेल तर गावातलं कुणीतरी कोरड्या बांबूने उचलून धरतं, पण ती केबलचीच आहे ना, हे त्यांनाच विचारा. विजेच्या तारेखालून अंदाजाने जायचं नाही.

तवसाळ-जयगड फेरी दुपारी. मालगुंडला कवी केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक. शेणाने सारवलेलं घर, बाहेर दगडांवर कोरलेल्या कविता. आईला ‘तुतारी’ अर्धी पाठ होती, उरलेली तिने तिथे वाचून पूर्ण केली.

गुरुवार : आरे-वारे, आंबा घाट, घर

आरे-वारेच्या पुलावर सगळेच थांबतात, आम्हीही थांबलो. रत्नागिरीत गाडी धुवायला टाकली. समुद्राकाठी राहून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुणं आवश्यक: चासी, ब्रेक, मागची पायरी, चाकांच्या कमानी. नंतर बिजागऱ्या, कुलपं आणि बॅटरीच्या जोडांवर गंज धरू न देणारा फवारा. सोलर पॅनेल ओल्या फडक्याने पुसायचं, मिठाचा थर दिसत नाही पण असतो. धुणाऱ्या पोरांनी आत बघायची परवानगी मागितली. मायलेज विचारलं. लांबी नाही विचारली.

आंबा घाटाने वर, रात्री पुण्यात. घरी आल्यावर लगेच करायची कामं थोडी आहेत: गोड्या पाण्याची, सांडपाण्याची आणि संडासाची अशा तिन्ही टाक्या रिकाम्या, गाद्या उभ्या करून वाळवायच्या, फ्रीजचं दार फटीएवढं उघडं, बॅटरीचा मुख्य स्विच बंद. खिडक्यांच्या रबराखाली बोट फिरवून ओल आहे का बघायचं. गळती लवकर सापडली तर सिलंटची एक नळी पुरते, उशिरा सापडली तर आतलं प्लायवूड बदलावं लागतं. गाडी उभीच राहणार असेल तर टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचून ठेवा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांनी रबर म्हातारं होतं.

फ्रीजला हर्णैच्या सुरमईचा वास अजून आहे. लिंबू झालं, कॉफीपूड झाली, सोडा झाला. आता आई नारळाच्या शेंडीची धुरी द्या म्हणतेय.